फॉरमॅट मारायच्या आधी विचारायला तोंड नव्हतं का?

राजेहो, कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून आपण तो दुकानात नेतो, तेव्हा आपल्याला काय पाहिजे असतं? विंडोज? विंडोज कोणाच्या बापाला पाहिजे होती? आतल्या फाईली पाहिजे असतात! मी हे दुकानदाराला तोंडानं सांगितलं. त्याच्या दुकानातल्या पोऱ्यालाही सांगितलं. वरून चिठ्ठी लिहून सीपीयूच्या डब्याला चिकटपट्टीनं चिकटवली: ‘आतला डाटा पाहिजे. डिस्कला हात लावण्याआधी फोन करणे.’ खाली माझा नंबर. मशीन परत मिळाली तेव्हा चिठ्ठी डब्यावर जशीच्या तशी होती आणि आतलं सगळं साफ होतं.

‘ताई, नवी विंडोज टाकली, आता पाहा कशी पळते मशीन!’ वरून हसून रायला. डिस्कचे दोन भाग होते, सीमध्ये विंडोज आणि डीमध्ये माझं सामान. मी विचारलं, माझा डी ड्राइव्ह कुठं आहे? तर म्हणे, ‘ते दोन-दोन पार्टिशन कायले पाहिजे ताई? एकच मोठं करून देलं. जागा वाढली तुमची.’

जागा वाढली! अरे, माझ्याच सामानाची विल्हेवाट लावून मलाच जागा वाढली म्हणून सांगतोस? आणि हा तोच माणूस आहे ज्यानं मागं मला शिकवलं होतं, ‘ताई, महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवत जा, सी उडालं तरी डीले काही होत नाही.’ त्याचं ऐकून मी सगळं डीमध्ये ठेवत गेले. आमच्या बचत गटाचे हिशेब, ठराव, लग्नपत्रिकांची सेटिंगं, लोकांच्या अर्जांचे नमुने, सगळं. ज्याच्या भरवशावर ठेवलं त्यानंच ते उडवलं आणि वर इन्स्टॉलेशनचे पैसे मागितले.

मी त्याला जाब विचारला तर म्हणतो, ‘भाऊले पाठवा, त्याइले समजावून सांगतो.’ हे ऐकून तर मस्तकात तिडीकच गेली. टायपिंगचं सेंटर माझं, मशीन माझी, तिचे हप्ते मी भरले, रात्री जागून कामं मी करते. माझ्या नवऱ्यानं आजवर ती मशीन चालूसुद्धा केलेली नाही, तो बिचारा वावर सोडून तिथं येऊन काय समजून घेणार होता? पण दुकानात बाई उभी दिसली की यांना वाटतं हिला काय कळते. बिल मात्र ताईच्या हातात देतात, तेव्हा भाऊ आठवत नाहीत.

झालं होतं काय, तर विंडोजचं अपडेट चालू असताना लाइन गेली. वळवाचं वादळ आलं आणि अर्धा तालुका अंधारात. यूपीएस दोनदा कोकलला आणि बसला. लाइन आली तेव्हा पडद्यावर ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ आणि खाली ते ठिपके गोल गोल फिरत राहिले, दुसरं काही नाही. म्हणजे बिघडलं ते सुरू व्हायचं काम. डिस्क ठणठणीत होती, तिचा कसलाही आवाज नव्हता. फाईली जिथल्या तिथं होत्या. दाराचं कुलूप अडकलं म्हणून कोणी घर जाळतं का?

आणि काढायला काय लागत होतं? आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह. त्यात उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट टाकायचं, विंडोजच्या जागी चालणाऱ्या सिस्टिमी आहेत, दोन्ही फुकट. मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू करायची, इन्स्टॉल न करता नुसतं वापरून पाहायचा पर्याय घ्यायचा, डिस्क उघडायची आणि फाईली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. तेही येत नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लाव. आणि तुझा हात विंडोज टाकल्याशिवाय राहतच नसेल, तर फॉरमॅट न करता टाक ना! जुनं सगळं ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला पडून राहते, डीला तर धक्काही लागत नाही. पार्टिशन उडवायला याला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. याला फक्त ‘डिलीट, डिलीट, नेक्स्ट’ येते आणि बाहेर बोर्ड लावला आहे ‘डाटा रिकव्हरी’ म्हणून.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या कॉम्प्युटर-सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटनं जगभरातले ८५ लाखांच्या आसपास विंडोज कॉम्प्युटर निळे पडले होते. विमानतळं ठप्प, दवाखाने ठप्प. तेव्हा लोकांनी सगळं फॉरमॅट केलं का? सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरती चालू करून, आत गेले, ती एक खराब फाईल काढली आणि मशिनी उठवल्या. आमच्या तालुक्यातल्या या दुकानांच्या हाती ते काम दिलं असतं तर यांनी विमानतळंही कोरी करून दिली असती.

या लोकांची रीत मला पाठ झाली आहे. आधी रॅम काढायची, खोडरबरानं घासायची, परत लावायची. नाही चाललं तर फॉरमॅट. तिसरा इलाज यांच्या पोथीतच नाही. गावातल्या गुरुजींचा लॅपटॉप असाच. एका अपडेटनंतर तो बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ अंकी की मागायला लागला. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या अकाउंटमध्ये जमा असते. आणि तो सुरू कोणी केला होता? विकणाऱ्यानं, स्वतःच्या ईमेलवर! कारण गुरुजींचा ईमेल विचारायला याला दोन मिनिटं नव्हती. आता तो म्हणतो, तो ईमेल मी कधीचा सोडला, पासवर्ड आठवत नाही. गुरुजींचा सारा डाटा तिथंच आहे, एक अक्षर कमी झालेलं नाही, आणि जन्मात उघडणार नाही. यावर दुकानदाराचा सल्ला काय? बरोबर ओळखलं. फॉरमॅट.

आणि ते सल्ला देणारे! ‘गुगल ड्राइव्हवर टाकून ठेवायचं ना ताई.’ तू ये माझ्या सेंटरवर, बस दुपारी, आणि टाकून दाखव. फुकट मिळते १५ जीबी, त्यात फोनचे फोटो आणि मेलही आले. ते सोडा, टॉवर तर चालला पाहिजे. लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही बसते. पत्रिकेची एक मोठी फाईल चढायला लागली की नव्वद टक्क्यांवर अडकते आणि पहिल्यापासून सुरू होते. शहरात बसून शहाणपण शिकवणाऱ्यांना हे कधी दिसत नाही.

मग मी स्वतः बसले. पहिलं काम, मशीन बंद. त्या डिस्कवर नवं एक अक्षरही लिहू द्यायचं नव्हतं. असं झटपट फॉरमॅट मारलं की खरं म्हणजे यादी पुसली जाते, माल बराचसा जागेवरच असतो, त्यावर नवं लिहिलं गेलं की मात्र जातो. एसएसडी, म्हणजे न फिरणारी नव्या जातीची डिस्क असती तर कथाच संपली होती, तिच्यात मोकळी झालेली जागा ट्रिम नावाच्या सोयीनं खरोखरच रिकामी होऊन जाते. माझी जुनी फिरणारी डिस्क म्हणून निभावलं. भाच्यानं अमरावतीहून साटा-टू-यूएसबी केबल आणली, सुटी डिस्क दुसऱ्या मशीनला बाहेरून जोडायची. ती बारा व्होल्टच्या अॅडॉप्टरवाली पाहिजे, कारण डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही. हे त्या ‘डाटा रिकव्हरी’वाल्या दुकानात मागायला गेले तर म्हणे, अशी केबलच येत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांचा तर वेगळाच छळ. फुकट म्हणून डाउनलोड करा, रात्रभर स्कॅन होऊ द्या, तुमच्या फाईलींची नावं, फोटोसुद्धा तुम्हाला पडद्यावर दाखवतील, आणि ‘रिकव्हर’ दाबलं की पैशांची खिडकी उघडते. तेही डॉलरमध्ये! माझ्याच फाईली मला दाखवून माझ्याकडूनच वसुली. शेवटी टेस्टडिस्क आणि फोटोरेक वापरले, खरोखर फुकट आहेत. दिसायला काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, पण टेस्टडिस्कनं मोडलेलं डी पार्टिशन शोधून दिलं. नवी विंडोज डिस्कच्या पुढच्या भागात बसली होती, डी मागं होतं, म्हणून फोल्डर नावांसकट निघाले.

त्यात भुलाबाईची गाणी निघाली. तेव्हा माझ्या जिवात जीव आला. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी, महिनाभर आमच्याकडं पोरी भुलाबाई मांडतात. दर गावात गाण्याचा शब्द वेगळा, चाल वेगळी. ती मी म्हाताऱ्या बायकांजवळ बसून उतरवून घेतली आहेत. कोणी गायलं, तिचं माहेर कोणतं, पाठभेद कोणता, सगळं टाइप केलेलं. त्यातल्या काही बायका आता गात नाहीत, काहींना आठवत नाही. ‘जागा वाढली तुमची’ म्हणणाऱ्याला मी हे सांगायला गेले तर म्हणाला, ‘गाणे तर यूट्यूबवर भेटतेत ताई.’ मला त्या माणसाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही.

पण डेस्कटॉपवर जे होतं ते सीमध्ये, ते विंडोजच्या खाली गाडलं गेलं. फोटोरेकनं त्यातलं जे ओरबाडून काढलं त्याला नाव नाही, तारीख नाही. नुसते एफ आणि पुढं आकडे, अशा फाईलींचे ढीगच्या ढीग. प्रत्येक उघडून पाहा. उघडली की ज्यात मी मराठी टाइप करते तो कृतिदेवचा फॉन्ट उडालेला, म्हणून मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. फॉन्ट टाका, परत उघडा. एक निघते कोणाच्या तरी साक्षगंधाची पत्रिका, दुसरी अर्धवट, तिसरी उघडतच नाही. एका संध्याकाळचं काम नाही हे, आणि मी सेंटर बंद ठेवून ते करते आहे, कारण समोरच्याला एक फोन लावायचा कंटाळा होता.

गटाचा या हंगामाचा हिशेब त्याच डेस्कटॉपवर होता. बँकेत कर्जाचा प्रस्ताव द्यायचा आहे. कोणाची बचत किती, कोणाकडून कर्जाचा हप्ता आला, दंड कोणाचा बाकी, हे आता बायकांची पासबुकं आणि माझी कच्ची वही जुळवून परत उभं करायचं आहे. दोन-चार नोंदी जुळत नाहीत. एका म्हातारीनं भरलेले पैसे वहीत आहेत आणि तिच्या पासबुकात चढलेले नाहीत. ती खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, पण बँकेला कागद लागतो आणि तो कागद त्या फाईलीत होता. उद्या तिला बोलावलं आहे. तिला काय सांगू, ते अजून माझं ठरलेलं नाही.