स्त्रीचे बंड उसने नाही

दक्षिण आशियाई कथा-कादंबऱ्यांतील स्त्रीच्या बंडाबद्दल एक मजकूर सध्या पुष्कळ फिरतो आहे. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर लेखिकांनी हे बंड पश्चिमेकडून उसने आणले, ते शिकल्यासवरल्या शहरी बायकांपुरतेच आहे आणि त्याच्या मुळाशी पुरुषद्वेष आहे, असे त्यात म्हटले आहे.

यातील पहिला मुद्दा सनावळीपुढेच टिकत नाही. रंगपूरजवळच्या पायराबंद गावी पडद्यात वाढलेल्या रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात आली. ती इंग्रजीत आहे. पण स्वप्नात दिसलेल्या स्त्रीराज्यात भर दिवसा बुरख्याविना रस्त्यावर चालताना कथेतल्या सुलतानाला जो संकोच वाटतो, तो जनान्यात दिवस काढलेल्या बाईलाच लिहिता येईल. मराठीत विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ चा, तर उर्दूत इस्मत चुगताईंची 'लिहाफ' ही कथा १९४२ ची. तिच्यावर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटलाही चालला.

शहरीपणाच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, कारण सुरुवातीच्या बऱ्याच लेखिका सुखवस्तू घरांतल्या होत्या. परंतु 'प्रथम प्रतिश्रुती' (१९६४) ही बंगाली कादंबरी लिहिणाऱ्या आशापूर्णा देवी शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या आणि त्यांची सत्यवती ही एकोणिसाव्या शतकातील बंगाली खेड्यातली, लहानपणीच लग्न झालेली मुलगी आहे. ती धडपडून अक्षरे शिकते, नवऱ्याला कलकत्त्याला बिऱ्हाड करायला लावते, आणि आपल्या अपरोक्ष सासूने व नवऱ्याने अजाण लेकीचे, सुवर्णाचे, लग्न उरकल्याचे कळताच भरल्या संसाराकडे पाठ फिरवून काशीची वाट धरते. लेकीचे लग्न आईला न विचारता लावून देणारी रीत इथलीच होती, मग तिच्याविरुद्धचा संताप बाहेरून कशाला आणावा लागेल? उर्मिला पवारांच्या 'कवच' या कथेमधली आंबे विकणारी आई तर बाजारातल्या चावट बोलण्याला तिथल्या तिथे तोंड देते. तिला शहरी म्हणणे अवघड आहे.

पुरुषद्वेषाचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. सत्यवतीचे वडील रामकाली कविराज आशापूर्णांनी किती आदराने रंगवले आहेत! रुकैयांच्या कथेतले पुरुषही मारले जात नाहीत, ते स्वयंपाक करतात आणि मुले सांभाळतात. स्वतः रुकैयांना लिहिते करण्यात पतीचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्या निधनानंतर कलकत्त्यात १९११ साली मुलींसाठी उघडलेल्या शाळेला त्यांनी त्याच पतीचे नाव दिले.