लाल शाईने खोडलेली चार वाक्ये

आठवीत असताना शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांच्यावर भाषण केले होते. फुलस्केपच्या दोन पानांवर लिहिलेले ते भाषण माझ्याकडे अजून आहे आणि त्यातली चार वाक्ये लाल शाईने खोडलेली आहेत. पहिली दोन चहाच्या मातीच्या भांड्याविषयी होती आणि शेवटची दोन कर्णधारपदाविषयी. भाषण बसवून घेणारे सर मनाने चांगले होते आणि त्यांनी मायेनेच सांगितले होते, "एवढे नको, पाहुणे आलेले असतात. इंग्लंडच्या दौऱ्यावर संपव, टाळ्या पडतील." टाळ्या पडल्या आणि दुसरा क्रमांकही आला.

कुमारवयीन मुलांसाठी आपण खेळाडूंच्या ज्या गोष्टी लिहितो, त्या जवळजवळ सगळ्या त्या भाषणासारख्याच टाळ्यांवर संपतात, आणि त्यामुळे घडत्या वयाच्या मुलांना आपण अर्धेच सत्य सांगतो, असे माझे ठाम मत झाले आहे. गरिबी, जिद्द, सराव आणि शेवटी यश हा साचा इतका रुळला आहे, की गुणवत्ता सिद्ध झाली म्हणजे दार आपोआप उघडते असे मुलाला वाटू लागते. पालवणकर बंधूंच्या आयुष्यात ते तसे उघडले नाही.

बाळूंचा जन्म 1876 साली एका चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे हे त्यांचे काम होते, आणि सभासदांना सरावासाठी चेंडू हवे असले की ते टाकत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात पगार चार रुपये झाला. तिथे ग्रेग नावाचा नामांकित गोरा फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी, आणि आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. मात्र त्या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. वाकून चेंडू टाकणे ही नोकराची सेवा, आणि बॅट घेऊन समोर उभे राहणे हा मालकाचा मान! खेळातल्या श्रमविभागणीचे याहून स्पष्ट चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानात त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलत, कारण चेंडू झेलल्याशिवाय सामना जिंकता येत नाही. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे आत बसून कपातून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. त्या भांड्याचा विचार केला की आजही माझा जीव गलबलतो, कारण ते देणाऱ्या हातानेच काही वेळापूर्वी बळी मिळाल्याच्या आनंदात टाळ्या वाजवल्या असतील.

पुढचा यशाचा भाग भाषणात होताच, म्हणून तो थोडक्यात सांगते. 1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचे आठ बळी होते आणि धाकटे भाऊ शिवरामही त्या संघात होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. परतल्यावर त्यांच्या समाजबांधवांनी मुंबईत त्यांचा सत्कार केला. आपला एक माणूस गोऱ्यांच्या देशात जाऊन नाव काढून आला, ही गोष्ट त्या काळच्या तरुणांना किती बळ देणारी असेल! त्या तरुणांमध्ये भीमराव आंबेडकरही होते.

माझे भाषण इथे संपले होते. खरी गोष्ट माझ्या मते इथून पुढे सुरू होते.

इतक्या पराक्रमानंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे आले नाही. 1913 साली ज्यांना ते मिळाले, त्या पै यांनी स्वतःच्याच सत्कारात जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंचा होता. या मोठेपणाचे मला मनापासून कौतुक आहे. तरीही बाळू वर्षानुवर्षे बळी घेत राहिले आणि संघ दुसऱ्याच्याच नेतृत्वाखाली उतरत राहिला. 1920 साली हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांमधल्या चौरंगी सामन्यांच्या वेळी तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. त्यातच पै आजारी पडल्यावर विठ्ठल आणि शिवराम या अनुभवी भावांना डावलून कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले. देवधर फलंदाज म्हणून किती थोर होते हे सांगायला नको, आणि निवड त्यांनी स्वतः केलेली नव्हती. विठ्ठल आणि शिवराम यांनी मात्र संघातून अंग काढून घेतले आणि हा निर्णय जातीमुळे झाला असल्याचे पत्र लिहून जाहीरपणे सांगितले.

हे वर्ष 1920 होते, याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. त्या वर्षी 31 जानेवारीला आंबेडकरांच्या 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला होता. मार्च महिन्यात माणगावच्या अस्पृश्यांच्या परिषदेत शाहू महाराज आंबेडकरांच्या शेजारी उभे राहिले होते. वर्ष संपता संपता नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकारासोबत अस्पृश्यता निवारणाचाही ठराव झाला. या दोन भावांचे पत्र त्याच हवेत लिहिले गेले आहे. मैदानाच्या कुंपणाबाहेर समाज ढवळून निघत असताना खेळाडू कुंपणाच्या आत फक्त खेळत राहतात, ही समजूत अशा वेळी टिकत नाही. अखेर तडजोड झाली. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले, भाऊही खेळले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा थोडा वेळ का होईना, संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. त्यांनी घेतलेल्या शेकडो बळींनी जे झाले नव्हते, ते दोन माणसांनी खेळायला नकार दिल्यावर झाले.

1923 साली विठ्ठल कर्णधार झाले, संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. 1925 आणि 1926 साली विजेतेपद पुन्हा त्यांच्याच संघाकडे आले. याच विठ्ठल पालवणकरांनी 1948 साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. दलित आत्मकथनांची मोठी लाट येण्याच्या सुमारे तीन दशके आधीचे हे पुस्तक आहे. कुमारवयाच्या जडणघडणीचे साहित्य म्हणून आपण जी यादी मुलांपुढे ठेवतो, तिच्यात या पुस्तकाला आजवर जागा मिळू नये याचे मला दुःख होते. थोरला भाऊ मान मिळण्याची वाट पाहत राहिला आणि धाकट्याने तो मागून घेतला. मोठे होणे म्हणजे काय, हे मराठीत सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली असेल?

ही गोष्ट पुढेही सरळ चालत नाही, आणि मुलांना तीही बाजू सांगायला हवी. दलितांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागा देणाऱ्या 1932 च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. एकेकाळी ज्याच्या पराक्रमाने तरुण मने भारावली, तोच माणूस पुढे समोरच्या बाजूला उभा राहतो. पंधरा वर्षांच्या मुलाला हे झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांना मी इतकेच सांगेन, की त्या वयात मुले वडिलांशी, मित्रांशी आणि आवडत्या शिक्षकांशी असलेले मतभेद रोजच झेलत असतात.

गेल्या महिन्यात माझी भाची, जी यंदा आठवीत आहे, वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय मागायला आली. मी तिला ते दोन जुने कागद दिले. तिने खोडलेल्या ओळी उजेडाकडे धरून वाचल्या आणि मग आम्ही दोघींनी मिळून नवे भाषण लिहिले. वेळ पाच मिनिटांची होती आणि मजकूर सात मिनिटांचा झाला, तेव्हा काय गाळायचे असे तिने विचारले. मी म्हटले, 114 बळी गाळ. तिने तो आकडा पेन्सिलीने खोडला आणि मातीच्या भांड्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.