कर्ज फेडू नये, कर्जफेडीची योजना करावी

आपल्याला कर्ज झालंय हे एकदा मनाशी कबूल केलं की उगाच घाईघाईने पैसे भरायला जाऊ नये. आधी वही आणावी. अप्पा बळवंत चौकात जाऊन जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घ्यावी आणि चार रंगांची पेनं घ्यावीत. लाल पेन व्याजासाठी, हिरवं मुद्दलासाठी, निळं हप्त्यांसाठी. काळं राहू द्यावं, पुढे लागतं. बिल क्रेडिट कार्डावर द्यावं, म्हणजे पहिली नोंद दुकानाच्या पायरीवरच मिळते.

मग मुहूर्त. आज २३ तारीख आहे, म्हणजे महिना जवळजवळ संपलाच. अर्ध्या महिन्यात का कुठे शिस्त सुरू होते? १ तारखेला करू. १ तारखेला पितृपक्ष निघाला तर दसऱ्याला करू. दसऱ्यानंतर दिवाळी येते आणि दिवाळीत कर्जाचा विचार करणं हे लक्ष्मीला दारातून परत पाठवण्यासारखं आहे. मग १ जानेवारी, मग मार्च एंड, मग पाडवा. मी स्वतः गेल्या तीन वर्षांत सात वेळा कर्जमुक्तीचा श्रीगणेशा केलाय. विसर्जनही दरवेळी वेळेवर झालंय, काही वेळा दीड दिवसातच.

वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या कर्जांची यादी करावी, असं जाणकार सांगतात. करावी, पण डोळसपणे. घराचं कर्ज यादीत धरू नये, कारण ती गुंतवणूक आहे. ५० लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता साधारण ४३,४०० रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात ३५,००० हून अधिक नुसत्या व्याजात जातात, पण गुंतवणूक म्हटल्यावर एवढं चालायचंच. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात वरचे चार पैसे मुद्दलात भरले तर बँकेला दंड लावता येत नाही. आता दंडच नाही म्हटल्यावर त्या भरण्यात थरार तो काय राहिला? तेव्हा तेही नको. गाडीचं कर्ज म्हणजे गरज. मेव्हण्याचे ८०,००० म्हणजे हातउसने, आणि हातउसन्याला कर्ज म्हणणं म्हणजे नात्याचा अपमान. फोनचा हप्ता तर बिनव्याजी आहे. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं, पण रिझर्व्ह बँक काही आपल्या शोरूममध्ये आली नव्हती. तिथल्या मुलाने पाणी विचारलं, मॅडमना कोणता रंग आवडला विचारलं. रोख घेतलं असतं तर किती सूट मिळाली असती, एवढं आपण विचारलं नाही. प्रोसेसिंग फीचा आकडा छापलेला होता, पण चष्मा घरी राहिला होता.

असं करत करत यादीत एक क्रेडिट कार्ड उरतं. बघा, वाटलं होतं तेवढं काही नव्हतं.

या कार्डाबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण इथे माझा अभ्यास दांडगा आहे. समजा, कार्डावर १ लाख थकलेत. बिलात दोन आकडे असतात. एक पूर्ण रकमेचा, तो अशुभ. दुसरा किमान रकमेचा, साधारण पाच टक्क्यांचा. तो बघून कसं हलकं वाटतं! ५,००० भरले की मेसेज येतो, ‘आपले पेमेंट मिळाले, धन्यवाद.’ घरात आपल्याला धन्यवाद कोण म्हणतं? आता व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के. अशी किमान रक्कम वर्षभर नेमाने भरत राहिलात आणि कार्डावर चहासुद्धा घेतला नाहीत, तर वर्षाअखेर तुम्ही सुमारे ५९,००० रुपये भरलेले असतात आणि कर्ज १ लाखावरून सुमारे ८८,००० वर आलेलं असतं. ही प्रगती हिरव्या पेनाने लिहावी. ४७,००० कुठे गेले, ते लाल पेनाचं काम. लाल पेन लवकर संपतं, दोन घेऊन ठेवावीत.

आणि चहा घेतलात तर? मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला ती पन्नासेक दिवसांची सवलत मिळत नाही, चहाच्या घोटापासून व्याज चालू होतं. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे व्याज घेणारा माणूस गावात असता तर आपण त्याला सावकार म्हटलं असतं, त्याच्या दारावरून जाताना मान खाली घातली असती. हा विमानतळावर लाउंजमध्ये उपमा देतो.

मग बचत. योजनेचा हा भाग घरच्यांसमोर करावा, कारण तो दिसतो. मी गीझरवर कागद चिकटवला : ‘सात मिनिटे.’ भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी इतका वेळ घातला की शेवटी तिनेच विचारलं, ‘दादा, घरी सगळं ठीक आहे ना?’ पेपर बंद केला. चहातली साखर कमी केली, ती डॉक्टरच्या नावावर. महिन्याला सातशे-आठशे वाचले. कार्डाचं व्याज त्याच महिन्यात ४,१३० झालं होतं, पण व्याजाला काही घरातले दिवे मालवताना कुणी बघत नाही.

यावर एखादा शहाणा मित्र म्हणेल, ‘अरे, वैयक्तिक कर्ज काढ आणि कार्ड पूर्ण भरून टाक. १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी १ लाख घेतलंस तर हप्ता ३,४१८ बसेल. तीन वर्षांत मिळून व्याज २३,००० च्या आसपास.’ कार्ड एका वर्षात घेतं त्याच्या निम्मं, तेही तीन वर्षांत. हिशेब बिनतोड आहे आणि मी तो ऐकलासुद्धा. कर्ज काढलं, कार्ड भरलं, शिल्लक शून्य. त्या रात्री मला अशी गाढ झोप लागली की काय सांगू. सकाळी उठून बघतो तर कार्ड रिकामं! पूर्ण मर्यादा मोकळी! इतक्या स्वच्छ कार्डाकडे बघून कुणाला वाईट वाटेल हो? आठ महिन्यांत ते पुन्हा पूर्वपदावर आलं. आता माझ्याकडे कार्डाचं कर्ज आहे आणि कार्डाचं कर्ज फेडण्यासाठी काढलेलं कर्जही आहे. मित्राने कार्ड कापून टाक असंही सांगितलं होतं म्हणे. त्या वाक्याला फोन तुटक येत होता.

आधी कुणाचं फेडायचं यावर दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, ज्याचं व्याज जास्त त्याचं आधी, पैसे वाचतात. दुसरं म्हणतं, जे सगळ्यात लहान ते आधी संपवा, हुरूप येतो. दोन्ही पक्षांत विद्वान आहेत. आपल्याकडची पद्धत तिसरी आहे : जो लग्नात भेटणार असेल त्याचं आधी. मे महिन्यात भाचीचं लग्न होतं, म्हणून मेव्हण्याचे ८०,००० एकदम दिले. कुठून, ते वर आलंच आहे. मेव्हणा व्याज घेत नव्हता. कार्ड चाळीस टक्क्यांच्या पुढे घेत होतं, पण कार्ड काही पंगतीला शेजारी बसून ‘बाकी, काय म्हणता?’ असं विचारत नाही.

पतपेढीचं कर्ज मात्र सगळ्यात शेवटी ठेवावं, कारण तिथे आपल्यामागे माणसं उभी असतात. शब्दशः. दोन जामीनदार. फॉर्मवर सही करताना दोघांनीही रक्कम वाचली नव्हती. एकाने ‘मी तुला ओळखत नाही का’ म्हणत पेन मागून घेतलं. चार हप्ते थकल्यावर नोटीस गेली, ती त्याला गेली. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराच्या बरोबरीचीच असते, हे त्याला त्या दिवशी कळलं आणि मला ते आधीपासून ठाऊक होतं. तो काही बोलला नाही. आता ऑफिसात चार वाजता तो चहाला खालच्या टपरीवर जातो, मी वरच्या मशिनवर घेतो. वहीत या नोंदीला कोणता रंग वापरावा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर पुढे. वसुलीचे फोन. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धाकदपटशा करू नये, चारचौघांत अपमान करू नये, नातेवाइकांना मध्ये ओढू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ साली स्पष्ट सांगितलंय. तक्रार आधी बँकेकडे करता येते, तिने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तीही फुकट. पण तक्रार करायची म्हणजे ‘मी कर्जदार आहे’ असं लेखी द्यायचं. त्यापेक्षा ते नंबर ‘घेऊ नये १’, ‘घेऊ नये २’ असे जतन करावेत. माझे १७ पर्यंत गेलेत. रात्री नऊला ‘घेऊ नये ११’ वाजतो तेव्हा मी गॅलरीत जाऊन मोठ्याने म्हणतो, ‘हो सर, प्रेझेंटेशन उद्या देतो.’ मुलीला वाटतं, बाबांना बढती मिळणार.

कधी पलीकडून गोड आवाज येतो : ‘सर, निम्म्यात मिटवून टाकू.’ ताबडतोब हो म्हणावं. लेखी पत्र मागू नये, माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? सिबिलच्या, म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो ते टिपून ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ते खातं ‘क्लोज्ड’ न दिसता ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढचा कर्ज देणारा ते वाचून भुवई उंचावतो, हे नंतर कळलेलं बरं. स्वतःचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो, अशा चारही संस्थांकडून. मागवू नये. तीनशे ते नऊशे गुणांच्या मध्ये आपण कुठे बसतो हे दहावीनंतर पुन्हा कशाला बघायचं?

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी एक आडवळण. १२ मे १८७५ रोजी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं आणि रोखे हिसकावून जाळले. त्यांना नेमकं काय जाळायचं हे कळत होतं. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही केला. दामदुपटीचा नियम त्याहून जुना : थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलाच्या वर मागता यायचं नाही. हे वाचून मी फार हुरळलो होतो. मग कळलं की व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून कोर्टाने बँकेचा हिशेब पुन्हा उघडू नये, अशी तरतूद १९८४ सालीच बँकिंग कायद्यात आली आहे. कार्डाच्या व्याजाला तीस टक्क्यांचा लगाम घालणारा ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निकालही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. राहता राहिलं जाळणं. माझा करारनामा छप्पन्न पानांची पीडीएफ आहे. तो शोधायलाच ओटीपी लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. घरी सांगू नये. घरात कळलं तर खर्च कमी होईल, खर्च कमी झाला तर शेजाऱ्यांना कळेल, आणि शेजाऱ्यांसाठीच तर निम्मं कर्ज काढलेलं असतं. बायकोला तर मुळीच नको. तिला आकड्यांतलं कळत नाही, असं मी धरून चाललो होतो. पाडव्याला मी तिच्या हातातल्या पाटल्यांचं कौतुकही केलं. ‘नव्यासारख्या दिसतात गं अजून,’ म्हटलं. ती हसली आणि पुरणपोळी वाढायला लागली.

परवा वही टीव्हीखालच्या कप्प्यात नव्हती. ती तिच्यापुढे होती आणि तिच्या हातात काळं पेन होतं. माझ्या बेरजेत तिने दोन चुका काढल्या, दोन्ही माझ्या सोयीच्या. मेव्हण्याची नोंद बघून म्हणाली, ‘दादाने मागितले नव्हते तुमच्याकडे.’ मग जामीनदाराच्या पानावर बराच वेळ थांबली आणि म्हणाली, ‘उद्या चहाला खाली जा.’ मी आपलं योजनेतला पुढचा टप्पा समजावून सांगायला लागलो, तर ती उठली आणि स्वयंपाकघरातून डाळीच्या डब्यामागची एक छोटी वही घेऊन आली. दुधाच्या हिशेबाची. तिच्या शेवटच्या चार पानांत भिशीचे दोन थकलेले हप्ते होते, मुलीच्या क्लासची फी होती, आणि सोनेतारण कर्जाची पावती घडी घालून ठेवली होती. पाटल्या श्रावणापासून तिकडे आहेत. हातातल्या एक ग्रॅमच्या.

रात्री दोनपर्यंत आम्ही दोन्ही वह्यांची एकत्र बेरीज करत बसलो. ‘घेऊ नये ४’ मध्येच एकदा वाजला, तो तिने घेतला. ‘रात्री ७ नंतर फोन करायचा नसतो, माहीत आहे ना?’ एवढंच म्हणून ठेवून दिला. पहिलं पान तिने नव्याने लिहिलं : घर, गाडी, फोन, कार्ड, पतपेढी, पाटल्या, सगळं एकाखाली एक. ते एका पानात मावलं नाही. मी म्हटलं, यासाठी मोठी वही लागेल, उद्या अप्पा बळवंत चौकात जाऊन घेऊन येतो.

तिने हात पुढे केला आणि माझ्याकडचं कार्ड मागितलं.