‘माझा चेहरा कोणीही झूम करून पाहू शकतो’ : एक तारा दिलेल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

स्टेडियममधल्या प्रेक्षकांच्या आमच्या गिगापिक्सेल (म्हणजे शंभर कोटींहून जास्त पिक्सेलच्या) फोटोबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. तुमचा आणि तुमच्या मुलीचा चेहरा कोणालाही झूम करून बघता येतो, हातातल्या फोनवरचा मेसेज वाचता येतो, आणि फोटोत तुमची खुर्ची रिकामीही दिसत असल्याने तुम्ही मधूनच निघून गेलात अशी ऑफिसात चर्चा झाली.

चेहऱ्याबद्दलचं म्हणणं खरं आहे. हा फोटो ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि २०० मिमी लेन्स लावून, कॅमेरा आपोआप फिरवणाऱ्या रोबोटिक हेडवर काढलेल्या १९२ फ्रेम, म्हणजे सुटे फोटो, जोडून केला आहे. एका ओळीत २४ फ्रेम, अशा ८ ओळी. दोन फ्रेम एकमेकींवर ३० टक्के चढतात, ते वजा जाता ४०० कोटींहून जास्त पिक्सेल उरतात. तुमचा स्टँड कॅमेऱ्यापासून साधारण ६० मीटरवर. तिथे एक पिक्सेल म्हणजे सुमारे १.३ मिमी, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीत १२० पिक्सेल. अनोळखी माणसाची ओळख पटवायला सुरक्षा कॅमेऱ्यांच्या मानकात मीटरला २५० पिक्सेल, म्हणजे चेहऱ्याला जेमतेम ४०, पुरेसे धरतात. तेव्हा ‘गर्दीत कोण ओळखतंय’ हे उत्तर आम्ही देणार नाही. ‘सार्वजनिक जागा होती ना?’ हेही नाही. शेजारच्या रांगेतल्या माणसाने सहज बघणं वेगळं, आणि घरी बसून कोणीही तासभर तुम्हाला न्याहाळणं वेगळं.

फोनचं मात्र तसं नाही. मेसेजचं अक्षर दोनेक मिमी उंच असतं, म्हणजे फोटोत दीड पिक्सेल. स्क्रीन पेटलेली दिसेल, मजकूर वाचता येणार नाही. खरा धोका गळ्यातल्या ओळखपत्राचा. त्यावरचं १ सेमीचं अक्षर ७-८ पिक्सेलचं होतं आणि नाव वाचता येतं. मुलांच्या गणवेशावरच्या शाळेच्या नावाचंही तेच. याबद्दल तक्रार क्वचितच येते, खरं तर ती आधी यायला हवी.

आता रिकामी खुर्ची. हा फोटो एका क्षणाचा नाही. एका फ्रेमला अडीच सेकंद, म्हणजे सगळ्या मिळून ८ मिनिटं. हेड एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उलट फिरतं, त्यामुळे वरखाली लागून असलेल्या दोन फ्रेममध्ये एका टोकाला जवळजवळ दोन मिनिटांचं अंतर पडतं. तेवढ्यात पाणी आणायला उठलेला माणूस एका ओळीत जिन्यावर दिसतो आणि दुसरीत त्याची खुर्ची मोकळी. कधी तोच माणूस दोनदा दिसतो, तर कधी जोडावर अर्धाच उरतो. कोण किती वेळ हजर होतं याचा पुरावा म्हणून हा फोटो निरुपयोगी आहे. ऑफिसात हेच उत्तर दाखवा. २०११ साली कॅनडातल्या वँकूवरमध्ये आइस हॉकीच्या स्टॅनली कपच्या शेवटच्या सामन्याआधी काढलेला असाच एक फोटो त्या रात्रीच्या दंगलीनंतर जगभर फिरला. फोटोतली माणसं दंगलीच्या आधीची होती, पण बघणाऱ्याला तेवढा फरक कुठे कळतो?

चेहरा काढून टाकण्यासाठी फोटोत स्वतःपर्यंत झूम करा आणि ‘शेअर’ दाबा. मिळालेल्या लिंकमध्ये जागेचे आकडे आपोआप येतात. तेवढी लिंक पाठवा. ओळखपत्र किंवा सेल्फी पाठवू नका. एक चेहरा झाकायला दुसरा गोळा करण्यात अर्थ नाही. कारणही विचारणार नाही.

आम्ही मूळ फाइलमध्ये चेहरा, ओळखपत्र आणि सांगाल तर कपडेही सपाट रंगाने भरतो. कपडे अशासाठी, की ओळखीची माणसं शर्टावरूनच ओळखतात. हलका ब्लर वापरत नाही, त्यातून चेहऱ्याची ठेवण कळत राहते. मग आजूबाजूच्या फ्रेममध्ये तुम्ही पुन्हा दिसता का ते तपासतो आणि झूमच्या सगळ्या पातळ्यांच्या टाइल, म्हणजे स्क्रीनवर दिसणारे फोटोचे छोटे चौकोनी तुकडे, नव्याने कापतो. फक्त सर्वांत खोल पातळी बदलली तर एक पायरी मागे आल्यावर तोच चेहरा ६० पिक्सेलचा दिसतो. इतरांकडे झालेल्या अशा कामात हमखास राहून जाते ती हीच गोष्ट. शेवटी सर्व्हरची कॅश, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या जुन्या प्रती, रिकामी होते. तुमच्या ब्राउझरमध्ये जुनं चित्र दिसलं तर त्याचीही कॅश साफ करा. कोणी आधीच स्क्रीनशॉट घेतला असेल, तर तो आमच्या हातात नाही.

पूर्ण खोलीचा फोटो ३० दिवस राहतो. त्यानंतर झूमच्या सर्वांत खोल दोन पातळ्या सर्व्हरवरूनच पुसल्या जातात, कारण नुसतं झूमचं बटण बंद केलं तर टाइलचा पत्ता अंदाजाने टाकून कोणीही त्या उघडू शकतो. मग ६० मीटरवरचा चेहरा ३० पिक्सेलचा उरतो. तुमचं तुम्हाला सापडेल, अनोळखी माणसाला ओळखणं अवघड जाईल.

नावाने टॅग करणं आणि खुर्चीच्या क्रमांकाने शोधणं या दोन सोयी आयोजक नेहमी मागतात. आम्ही त्या देत नाही. चेहऱ्याला तिकिटावरचं नाव जोडलं गेलं की गर्दीचा फोटो हजेरीपत्रक होतो, आणि तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली ‘चित्रीकरणास संमती’ तेवढ्याला पुरत नाही.

मुलीसाठी वेगळी लिंक पाठवायची गरज नाही. तुमच्या लिंकसोबत ती कोणत्या बाजूला बसली आहे एवढं लिहा, दोन्ही चेहरे एकाच वेळी झाकतो.