सर्बिन, धर्म आणि पोट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार कोल्हापूरकर,

उत्तराला आठवडा लागला, माफ करा. तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, मग कपाटातली टिपणं काढली, आणि टिपणं चाळता चाळता राग बराचसा उतरला.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेक्सासमधल्या ली काउंटीत सर्बिन नावाचं एक एवढंसं गाव आहे. ते वेंड लोकांनी वसवलं. वेंड म्हणजे सॉर्ब, जर्मनीच्या पूर्व कडेला लुसाटियात राहणारे, स्लाव्ह भाषा बोलणारे शेतकरी. हे लोक १८५४ साली धर्मस्वातंत्र्यासाठी घरदार सोडून निघाले, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: "धर्म हे दाखवायचं कारण, खरं कारण पोट. शिवाय 'मोकळी जमीन' म्हणताना ती कोणाची होती ते विचारलंत का? आणि जे गाव वाढलंच नाही त्याच्या वाढीच्या गोष्टी कसल्या सांगता?"

मधल्या मुद्द्यावर मी चुकलो, ते आधी कबूल करतो. त्या भागात टोंकावा हे तिथले मूळ रहिवासी राहत होते. वेंडांनी जमीन घेतली १८५५ साली. त्याच सुमारास टोंकावांची रवानगी वर ब्रॅझोस नदीकाठच्या राखीव वस्तीत होत होती, आणि १८५९ साली तिथूनही उचलून त्यांना टेक्सासच्या बाहेर काढलं. जमीन मोकळी नव्हती, मोकळी केली जात होती. वेंडांनी स्वतः कोणाला हुसकावलं नाही, त्यांनी रोख पैसे मोजून खरेदीखत केलं हे खरं. पण त्यांना जमीन स्वस्त का मिळाली, याचा विचार मी लेखात करायला हवा होता. ते शब्द आज बदलले आहेत.

आता धर्म आणि पोट. तुमच्या बाजूने बोलायचं तर तुम्ही मांडलात त्याहून भक्कम मुद्दा मीच देतो. लुसाटियाचा मोठा भाग तेव्हा प्रशिया या जर्मन राज्यात होता. प्रशियाच्या राजाने १८१७ साली लुथरन (वेंडांचा पंथ) आणि रिफॉर्म्ड अशा दोन प्रोटेस्टंट पंथांचं एकच चर्च करायचं ठरवलं आणि १८३०च्या दशकात ते न मानणाऱ्या पाद्र्यांना तुरुंग दाखवला. पण १८४५ मध्ये जुन्या लुथरनांना, म्हणजे हे एकत्रीकरण न मानणाऱ्यांना, वेगळं राहायची परवानगी मिळाली होती. म्हणजे ही मंडळी जहाजावर चढली तेव्हा छळ बराचसा ओसरला होता. दुसरीकडे, वेठीतून सुटायचं तर जमीनदाराला भरपाई द्यावी लागत होती, लहान शेतकऱ्याच्या हाती तुकडा उरत होता, आणि १८४०च्या दशकात बटाट्यावर रोग पडून गेला होता. पोट होतंच.

पण मला पटतं ते वेगळंच. माणसं कशासाठी आली हे त्यांनी काय सांगितलं यावरून ठरवू नये, हाती आलेल्या जमिनीचं काय केलं यावरून ठरवावं. त्यांनी आधी दोन माणसं जमीन शोधायला पाठवली. त्या दोघांनी रॅब्ज क्रीकच्या काठची डेलाप्लेन लीग विकत घेतली: ४,२५४ एकर, एकरी एक डॉलर. ('लीग' हे मेक्सिकोच्या राजवटीतलं माप, साधारण ४,४२८ एकरांचं. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोत होतं, त्याची ही खूण.) एकरी एक डॉलर, यात पोट दिसतं. आणि त्याच जमिनीतून ९५ एकर चर्च आणि शाळेसाठी बाजूला काढले, यात धर्म दिसतो. ज्यांची स्वतःची घरंसुद्धा उभी नाहीत, त्यांनी. पहिला हिवाळा कित्येकांनी जमिनीत खणलेल्या खोपटात काढला.

इथवर पोहोचायला त्यांनी काय किंमत मोजली तेही बघा. साधारण साडेपाचशे माणसं लिव्हरपूलहून 'बेन नेविस' नावाच्या शिडाच्या जहाजात बसली. निघण्याआधीच पटकी सुरू झाली होती. जहाज आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात थांबवून धुरी देऊन स्वच्छ करावं लागलं, त्यात तीन आठवडे गेले. डिसेंबरात गॅल्व्हेस्टनला उतरले, तर तिथे पीतज्वर. प्रवासात सत्तरच्या आसपास माणसं गेली. नुसत्या जमिनीसाठी जायचं तर माणसं एकेकटी, आपापल्या सोयीने जातात. हे पाद्री बरोबर घेऊन, अख्खी मंडळी एकत्र बांधून गेले. यान किलियान हे ते पाद्री. ते वेंडिशमध्ये, म्हणजे वेंडांच्या भाषेत, स्तोत्रं रचत आणि वेंडिश आणि जर्मन दोन्हींत प्रवचन देत.

म्हणून 'खरं कारण कोणतं' हा तुमचा प्रश्नच मला थोडा आडवा वाटतो. आपण पुण्याहून ऑस्टिनला आलो ते पगारासाठी, पण आल्या आल्या गणपतीची वर्गणी काढलीच ना? पगार खोटा की गणपती खोटा?

बरं, धर्मासाठी आले म्हणून सगळे गुण्यागोविंदाने राहिले असंही नाही. चार वर्षांत, १८५८ मध्ये, भांडण झालं. काहींना घरोघरी प्रार्थनासभा हव्या होत्या, किलियानना त्या मान्य नव्हत्या. गट फुटला, पुढे जुळला, आणि १८७० मध्ये पुन्हा फुटला. या वेळी मूळ होतं भाषेत: वेंडिश ठेवायची की जर्मन.

आता 'वाढलंच नाही' याबद्दल. एकदा प्रत्यक्ष जाऊन या. सेंट पॉल चर्च १८७१ मध्ये पुरं झालं, दगडी, बाहेरून अगदी साधं. आत शिरलं की छत निळं, आणि लाकडी खांबांवर पिसाने रंग देऊन संगमरवराचा भास आणलेला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा व्यासपीठ कुठे आहे तेच कळेना. समोर वेदी होती, बोलायची जागा नाही. मान वर केली तर सज्जाच्या उंचीवर, सुमारे २० फुटांवर, व्यासपीठ. पुरुष सज्जात बसत, बायका-मुलं खाली. म्हणजे पाद्री पुरुषांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणार, आणि खालच्यांच्या माना दुखणार! या मांडणीवर आमच्या सौ.चं मत मी इथे लिहीत नाही.

गाव का थांबलं याचं उत्तर मात्र चर्चमध्ये नाही, रुळांवर आहे. १८७१ मध्ये ह्यूस्टन अँड टेक्सास सेंट्रल रेल्वे आली ती सहा-एक मैलांवरून, आणि तिथे गिडिंग्ज वसलं. कापूस तिकडे, दुकानं तिकडे, १८७४ मध्ये नवी ली काउंटी झाली तेव्हा कचेरीही तिकडे. सर्बिनला उरलं चर्च, शाळा आणि दफनभूमी. पण माणसं कुठे गेली? गिडिंग्जला 'डॉइचेस फोल्क्सब्लाट' नावाचं वर्तमानपत्र १८९९ पासून १९४९ पर्यंत चाललं. ते जर्मन, इंग्रजी आणि वेंडिश अशा तीन भाषांत मजकूर छापायचं. आजूबाजूच्या गावांतली कित्येक लुथरन चर्चं याच मंडळींतून निघाली. टोपलीत ठेवलेलं बियाणं कमी झालं म्हणून पेरणी फसली असं आपण म्हणत नाही. त्यामुळे 'वाढ' हा शब्द मी लेखात तसाच ठेवला आहे, तुमची हरकत नोंदवून.

एक राहिलं. 'वेंड म्हणजे जर्मनच की' असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. ते सर्बिनमध्ये मोठ्याने म्हणू नका. सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी तिथे वेंडिश फेस्ट असतो, तेव्हा तर अजिबात नको. आणि गेलात तर घरगुती नूडल्सची पाकिटं आधी घ्या, संग्रहालय मागाहून बघा. मी उलट केलं होतं आणि रिकाम्या हाताने परतलो.