शिपायाचं पदक

यंदाच्या २६ जानेवारीला आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत, झेंडावंदनानंतर, निवृत्त गुरुजींनी आपला संग्रह मांडला. दोन टेबलं, वर सतरंजी. पलटणीची पितळी बटणं, टोपीवरचे बिल्ले, कापडी गवसणीतली पाण्याची बाटली, सेन्सॉरचा शिक्का असलेली दोन पोस्टकार्डं आणि सात पदकं. तीस वर्षं भंगारवाल्यांकडे, मोडीच्या दुकानांत आणि म्हाताऱ्यांच्या ट्रंकांत शोधून जमवलेलं.

संध्याकाळपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं. "इंग्रजाच्या चाकरीचे बिल्ले पोट्ट्याइले काहून दाखोता?" मी इथून, इंग्लंडहून, गुरुजींची बाजू घेतली, तर लगेच उत्तर आलं, "तू तिकडं पौंड मोज, इकडचं आमी पाह्यतो." दोन महिने झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

कारण हाच ग्रुप ऑगस्टमध्ये नाचत होता. नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजारांना घेतली आणि ती मुंबईला पोचली, तेव्हा फुलं, ढोल, फोटो. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण त्या तलवारीचं पातं युरोपात घडलेलं, त्यावर देवनागरीत नाव. तिला कुणी परकी म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. मग शिपायाच्या पदकावरचं देवनागरी नसलेलं नावच तेवढं गुलामीचं कसं? सरदाराची वस्तू वारसा आणि शिपायाची वस्तू लाज, हा हिशेब मला पटत नाही.

आमचं गाव वऱ्हाडातल्या आडगावच्या बाजूचं. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथं इंग्रज सेनापती वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेला हरवलं, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. त्या वेलस्लीच्या फौजेत मद्रासकडचे शिपाई होतेच. लढणाऱ्या माणसाचा इतिहास असा सरळ रेषेत बसत नाही.

आणि चाकरी कुणाची म्हणता? १८९२ नंतर इंग्रजांनीच महारांची भरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. माझे पणजोबा त्या पलटणीत होते. ज्या गावात त्यांना विहिरीवर जाता येत नव्हतं, त्या गावात ते अंगावर गणवेश घालून परतले. ग्रुपवर "चाकरी" लिहिणाऱ्याच्या पणजोबाला पाण्यासाठी कुणापुढे ओंजळ धरावी लागली नव्हती.

त्या युद्धाची रुपेरी पदकं ज्यांना मिळाली, त्यांचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण पदकाच्या काठावर कोरलेली असते. मजूर तुकड्यांना तेच पदक काशाचं दिलं, भेदभाव तिथंही होताच. दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट याहून नवलाची. ब्रिटिश शिपायांना स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची पदकं, आणि बाकीची पदकं कोरी दिली, आपल्या माणसांच्या पदकांवर मात्र नावं कोरली. इथल्या बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, बर्माच्या लढाईचा बर्मा स्टार दिसला की मी आधी तो उलटून पाहतो. मागं कोरं असेल तर ठेवून देतो, अक्षरं दिसली तर हात सुटत नाही.

इथं यॉर्कशरमध्ये नोव्हेंबरमध्ये युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी आमच्या व्हिलेज हॉलमध्येही अशीच टेबलं लागतात. कुणाच्या आजोबांचा मेस टिन, म्हणजे पलटणीतला जेवणाचा डबा, कुणाची पत्रं. कोणी विचारत नाही की तो माणूस कोणत्या साम्राज्यासाठी गेला. आर्म्स फेअरमध्ये हिटलरच्या काळातले बिल्लेही विकायला असतात, त्या टेबलाजवळ मी थांबत नाही. पण आपल्या साध्या माणसांची वस्तू जपण्याची यांना जी सवय आहे, ती आपल्याला नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं आणि पुन्हा लिहीन. स्मारकापाशी मी पॉपी, ते स्मरणाचं लाल फूल, लावून मागच्या रांगेत उभा राहतो. दगडावरच्या नावांत आपलं एकही नाही. शेजारीण दरवर्षी विचारते, तुझ्या घरचं कोणी होतं का? होतं म्हणतो.

पणजोबांचं पदक आमच्या घरी होतं. पाठीवर घोडेस्वार, आम्ही पोरं त्याला घोडेवाला म्हणायचो. मी बारावीत असताना ताईचं लग्न ठरलं, घरात चांदीची एक वस्तू नव्हती. आईनं रुमालात बांधून दिलं आणि मी सायकलवरून तेल्हाऱ्याला नेलं. सोनारानं काठावरचा नंबर बोटानं पुसून पाहिला, तोलला आणि मुशीत टाकला. जोडवी झाली. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, कॉलेजच्या फॉर्मची चिंता होती.

भांडणानंतर गुरुजींचा फोन आला. ते शांत होते. म्हणाले, "तुमच्या पणजोबांचं पदक असेल न? पुढच्या वर्षी मांडू, गावचंच नाव राहील त्याच्यावर." मी म्हटलं, माझ्याजवळच आहे, इथं. फोटो पाठवा म्हणाले. मी टाळतो आहे.

गुरुजी, पदक माझ्याजवळ नाही. ताईला विचारलं, जोडवी झिजून पातळ झालीत, पण पायात आहेत.