क्युसेक म्हणजे हजार लिटर नव्हे

पावसाळा आला की नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘गंगापूर धरणातून १००० क्युसेक विसर्ग, म्हणजे सेकंदाला १० लाख लिटर पाणी!’ गोदावरीच्या पात्रातल्या, पुराची पातळी दाखवणाऱ्या दुतोंड्या मारुतीचा फोटो जोडलेला असतो, त्यामुळे वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच. पण हा हिशोब तब्बल ३५ पटींनी चुकलेला आहे.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच हजार लिटर, याला क्युमेक म्हणतात. नावातल्या एका अक्षराचा घोळ.

काही हुशार मंडळी दुरुस्ती म्हणून १००० ला ३.२८ ने (एका मीटरचे ३.२८ फूट होतात म्हणून) भागतात आणि ३०५ घनमीटर काढतात. तेही चूकच. फूट लांबीचा असतो, घनफूट आकारमानाचा; म्हणून ०.३०४८ चा (एका फुटाच्या मीटरचा) घन घ्यावा लागतो. तो येतो ०.०२८३. म्हणजे १००० क्युसेक = सेकंदाला सुमारे २८.३ घनमीटर, २८,३०० लिटर. (दहावीच्या पेपरातही घन सेंटीमीटरचे घनमीटर करताना १०० ने भागून मोकळे होणारे भेटतात. भागायचे असते १० लाखांनी.)

त्याच मेसेजमधले ‘१ टीएमसी = १००० दलघमी’ हेही खोटे. टीएमसी म्हणजे १००० दशलक्ष घनफूट, दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. १ टीएमसीचे २८.३ दलघमी होतात. १००० क्युसेकने एवढे पाणी सोडायला साडेअकरा दिवस लागतील.